सहा इंची पक्कड

"शिफ्टिंग करताय ना? मग एकच सांगतो." जोतीरामने काउंटरवरची आठ इंची पक्कड बाजूला सारली आणि सहा इंची पुढे केली. "सगळं सामान बांधा, पण पक्कड बांधू नका. ती खिशात पायजे. नायतर काय होतं, खाट पोचते, बोल्ट पोचतात आणि पक्कड असते सगळ्यात खालच्या खोक्यात."

समोरचं जोडपं नवं होतं. बायकोच्या हातातला चुडा अजून हिरवागार होता. नवरा म्हणाला, "पण मोठी घेतलेली बरी ना? जोर जास्त लागेल."

"जोर लागंल, पण बाळगणार कुठं? खिसा फाटतो. ही बघा." जोतीरामने पक्कड मिटली आणि दुकानाच्या दारातून येणाऱ्या उजेडासमोर धरली. "जबडा मिटला की मधून उजेड दिसता कामा नये. दिसला तर माल परत. आता उघडझाप करून बघा. एका हाताने उघडली पायजे, पण लोंबायला नको."

नवऱ्याने उघडझाप करून बघितली, मग काचेच्या कपाटाकडे बोट केलं. "आणि ते? ते फोल्डिंगचं?"

"ते इम्पोर्टेड. एकात सगळं येतं. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सुरी, कानस, डबा फोडायचं. बॅगेत टाकायला झकास." जोतीरामने आवाज जरा खाली आणला. "पण जोराच्या कामाला नाय. दांड्या पत्र्याच्या आहेत, जोर दिला की हातात रुततात."

बायकोला हे पटलं. सहा इंची पक्कड कागदात गुंडाळून घेताना तिने सहज विचारलं, "काका, तुमच्या घरी तुम्ही कुठली वापरता?"

"आमच्या घरी काय," जोतीराम म्हणाला, "सगळंच असतं." आणि तो वळून बिजागऱ्यांचे डबे सारखे करू लागला.

खरं तर त्याच्या घरी त्याच्या माहितीप्रमाणे एकही हत्यार नव्हतं.

जोतीराम खटाव तालुक्यातून एकोणिसाव्या वर्षी तुर्भ्याला आला, तेव्हापासून तो या हार्डवेअरच्या दुकानात होता. त्याला अठरा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं तो दुकानाच्या माळ्यावरच झोपायचा. शेठचा एक नियम होता: पॅकिंग फोडायचं नाही. वापरलेला माल विकला जात नाही. त्यामुळे जोतीरामने हजारो पाने, पकडी, हातोड्या गिऱ्हाइकांच्या हातात दिल्या, पण त्यातलं एकही हत्यार स्वतः चालवून पाहिलं नाही. त्याचं शिक्षण काउंटरवर झालं. आसपासच्या कारखान्यांतले फिटर, प्लंबर, वायरमन दुकानात येऊन तावातावाने भांडायचे, कुठल्या कामाला काय लागतं यावर. जोतीराम ऐकून घ्यायचा. सकाळी एका फिटरने सांगितलेलं तो संध्याकाळी दुसऱ्याला सांगायचा, आणि दुसरा मान डोलवायचा. हळूहळू त्याचं नाव झालं. मोठमोठे मिस्त्री ‘जोतीरामभाऊला विचार’ म्हणू लागले. एवढं झाल्यावर आपल्याला वापरता येत नाही, हे सांगायला जागाच उरली नाही.

घरीही तशी वेळ आली नाही. लग्न झाल्यावर त्याने तुर्भे गावात चांगूबाय नावाच्या म्हातारीची खोली भाड्याने घेतली. म्हातारीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भित्तीन खिला मारायचा नाय हां. भित माजी हाय." पंधरा वर्षं त्या भिंतींना एक खिळा लागला नाही. देवसुद्धा खिडकीत बसले. जोतीराम सकाळी आठला जायचा आणि रात्री नऊला यायचा. घरात कधी काही बिघडलेलं त्याला दिसलं नाही. स्टोव्ह पेटत होता, नळ बंद होत होता, इस्त्री तापत होती. आपल्या घरातल्या वस्तू टिकतात, असं तो चारचौघांत कौतुकाने सांगायचा. त्याचं श्रेय तो बायकोच्या जपून वापरण्याला द्यायचा.

शहाण्णव सालच्या एप्रिलमध्ये त्याला नावडे कॉलनीत स्वतःचं घर मिळालं. एक खोली, स्वयंपाकघर, आत न्हाणी. शेठ खूश झाला. त्याने काचेचं कपाट उघडलं आणि ते फोल्डिंगचं हत्यार काढून जोतीरामच्या हातावर ठेवलं. "ले जा. अठरा साल में कभी कुछ मांगा नहीं तूने."

जोतीराम त्या दिवशी दुपारी जेवला नाही. गिऱ्हाईक नसलेल्या वेळात त्याने काउंटरवर चार वस्तू मांडल्या: आठ इंची पक्कड, सहा इंची, लांब नाकाची आणि शेठने दिलेलं ते. हलवायच्या दिवशी खिशात काय ठेवायचं? दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्याने पापणी न हलवता सहा इंची पुढे केली असती. आठ इंची जड, लांब नाकाची नाजूक, फोल्डिंगचं फक्त दाखवायला. सगळं पाठ होतं. पण आठ दिवस तो रोज त्या चार वस्तूंकडे बघत राहिला. काचेच्या कपाटातली एकही वस्तू आजवर त्याची झाली नव्हती. नव्या घरात, नव्या शेजाऱ्यांसमोर आपण खिशातून हे काढलंय आणि खट्‌ करून उघडलंय, असं त्याला सारखं दिसायचं. शेवटी त्याने सहा इंची पक्कड विकत घेतली, पण ती ट्रंकेच्या तळाशी टाकली, आणि ते चकचकीत हत्यार पँटच्या खिशात ठेवलं. आपण आपलंच सांगणं मोडतोय हे त्याला कळत होतं. आपल्याला कोण विचारणार आहे, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं.

हलवायच्या दिवशी सकाळी पोपट टेम्पो घेऊन आला. पोपट त्याच्याच गावाकडचा, मार्केटातला भाजीचा माल वाहायचा. ट्रंक, गाद्या, भांड्यांची पोती भराभर चढली. राहिली लोखंडी खाट. ती उघडल्याशिवाय दारातून निघेना.

जोतीरामने खिशातून हत्यार काढलं, खट्‌ करून उघडलं. पोपट बघतच राहिला.

"च्यायला, फारीनचं?"

"इम्पोर्टेड," जोतीराम म्हणाला आणि खाटेखाली वाकला.

बोल्ट गंजून गेला होता. जबडा त्यावर बसेना, बसला की घसरे. दोन-तीनदा घसरल्यावर जोतीरामच्या कपाळावर घाम आला. पोपट बाहेर दोर आवळत होता, त्याची बायको सगुणा आत डबे पुसत होती. "गंज हाय जरा. चहा घेऊ, मग बघू," असं म्हणून तो उठला आणि पोपटला घेऊन नाक्यावर गेला. चहा पिताना त्याचं लक्ष नव्हतं. कुणा ओळखीच्या फिटरला बोलवावं का? पण काय सांगून बोलवायचं? जोतीरामला खाट उघडता येत नाही, म्हणून?

परत आले तर खाट उघडलेली होती. पट्ट्या भिंतीला टेकवलेल्या, आणि आठही बोल्ट एका फडक्यात बांधून ठेवलेले.

"वा रे पठ्ठ्या," पोपट म्हणाला. "जाण्याआधीच उघडून ठिवलीस व्हय!"

जोतीरामने सगुणाकडे बघितलं. ती स्टोव्ह पुसत होती. बहुतेक चांगूबायचा पोरगा येऊन गेला असावा, असं त्याच्या मनात आलं. पण तो पोपटला नाही म्हणाला नाही. पट्ट्या उचलून बाहेर नेऊ लागला.

नावड्याला पोचायला दुपारचे दोन वाजले. इमारत तीन मजली, यांचं घर पहिल्या मजल्यावर. सामान उतरत असताना खालच्या घरातून बनियन घातलेला एक माणूस बाहेर आला आणि जोतीरामला बघून ओरडलाच.

"अरे जोतीरामभाऊ! तुम्ही? वरचा ब्लॉक तुम्ही घेतला?"

तो नंदकुमार. पोस्टात क्लार्क होता. कड्याकोयंड्यांसाठी दुकानात दोन-तीनदा आला होता. त्याने तिथूनच बायकोला हाक मारली. "मीना, बाहेर ये. हे ते हार्डवेअरवाले भाऊ. आता आपल्या बिल्डिंगला टेन्शनच नाय. घरचा एक्स्पर्ट आला!"

मीनाताई हसत बाहेर आल्या. पाणी चार वाजता येतं आणि तासभरच असतं, तेवढ्यात भरून घ्या, असं त्यांनी सगुणाला सांगितलं.

सामान वर आलं, पोपट गेला. साडेतीन झाले होते. स्वयंपाकघरात आधीचा प्लास्टिकचा नळ होता. जोतीरामने दुकानातून खास पितळी नळ आणला होता. पाणी यायच्या आत तो बसवून टाकावा, असं त्याच्या मनात आलं. सगुणा म्हणाली, "अवो, राहू द्या आज. पानी भरून झाल्यावर बघू."

"पाच मिनिटाचं काम आहे," जोतीराम म्हणाला.

प्लास्टिकचा नळ हातानेच निघाला. पितळी नळ मात्र आट्यांत बसेना. एक फेरा घ्यायचा आणि तिरका व्हायचा. आट्यांवर दोरा गुंडाळायचा असतो हे त्याला माहीत होतं. त्याने गुंडाळला, पण नळ फिरवला की दोरा गोळा होऊन बाहेर यायचा. किती गुंडाळायचा, कुठल्या बाजूने, हे कुणी काउंटरवर बोललं नव्हतं.

चारला दहा कमी असतानाच पाइपात हवा गुरगुरली आणि पाणी आलं.

धार थेट समोरच्या भिंतीवर आपटली. खाली पिठाचा डबा होता, त्याच्या शेजारी गाद्या. जोतीरामने पाइपावर तळहात दाबला. पाणी बोटांमधून चारी बाजूंनी उडालं. "व्हॉल्व्ह! वरचा व्हॉल्व्ह!" असं ओरडत तो न्हाणीकडे धावला आणि स्टुलावर चढला. व्हॉल्व्ह होता, पण त्याची चाकी कुणीतरी काढून नेली होती. बोटभर जाडीचा नुसता दांडा वर आलेला. जोतीरामने खिशातलं हत्यार काढून त्यावर लावलं आणि सगळा जोर दिला. जबडा घसरला, दांड्या मिटल्या आणि तळहाताची कातडी मध्ये सापडली. रक्त आलं. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा घसरलं.

खालून नंदकुमारचा आवाज आला, "भाऊ, आमच्या सीलिंगमधून पाणी येतंय!"

जोतीरामची मुलगी सुनयना नववीत होती. ती दारात उभी राहून हे बघत होती. घाबरून ती बोलून गेली, "पप्पा, तुम्ही उतरा ना. आईला चढू द्या. आईला येतं."

जोतीरामला आधी ते कळलंच नाही. त्याने वळून बघितलं. सगुणाने पदर खोचला होता. कमरेच्या पिशवीत तिने हात घातला आणि त्यातून सहा इंची पक्कड काढली. लाल मुठीची, मुठीचा रंग जागोजागी उडालेला.

"उतरा," ती म्हणाली.

तो उतरला. ती चढली. तिने पक्कड दांड्यावर बसवली आणि लगेच जोर दिला नाही. आधी उलट्या बाजूला केसभर फिरवली, मग सुलट्या. पुन्हा उलटी, पुन्हा सुलटी. तिसऱ्या खेपेला दांडा सैल झाला. मग तिने सावकाश फेरे घेतले. स्वयंपाकघरातली धार आधी वाकली, मग खाली आली, मग थेंब थेंब झाली.

सगुणा स्वयंपाकघरात आली. पितळी नळावरचा जोतीरामने गुंडाळलेला दोरा तिने ओरबाडून काढला. "ते द्या तुमचं," असं म्हणून तिने जोतीरामच्या हातातलं फोल्डिंगचं हत्यार घेतलं, त्यातली सुरी उघडली, नवा दोरा तोडला. "सुरी बरी हाय ह्याची." आटे पुसून घेतले, दोरा घट्ट ओढत गुंडाळला, नळ लावला. शेवटचे दोन फेरे पकडीने दिले. नळ सरळ उभा राहिला. मग तिने जाऊन व्हॉल्व्ह उघडला. नळातून गळतीचा एक थेंबही आला नाही.

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. नंदकुमार वर आला. त्याचे केस भिजले होते. त्याने भिंतीवरून ओघळणारं पाणी बघितलं, चकचकीत पितळी नळ बघितला, जोतीरामचा रक्ताळलेला हात बघितला.

"मानलं भाऊ," तो म्हणाला. "दुसरा कोण असता तर अख्खी बिल्डिंग भिजली असती."

 जोतीराम सगुणाकडे बघत होता. नंदकुमारचं पाऊल दारात पडायच्या आतच तिची पक्कड कमरेच्या पिशवीत गेली होती, खोचलेला पदर खांद्यावर आला होता आणि हातात फरशी पुसायचं फडकं आलं होतं. हे सगळं इतकं सराईतपणे झालं, की कित्येक वेळा झालेलं असल्याशिवाय तसं होणार नाही, हे त्याला कळलं.

संध्याकाळी सुनयना मीनाताईंकडे टीव्ही बघायला गेली. ओल्या गाद्या कठड्यावर टाकलेल्या होत्या. सगुणाने त्याच्या तळहातावर हळद दाबली आणि चिंधी बांधली. तो म्हणाला, "बघू ती."

तिने पिशवीतून पक्कड काढून दिली. जोतीरामने ती उलटसुलट करून बघितली.

"हा माल आमच्या दुकानातला न्हाई."

"न्हाई."

"कुठनं घेतलीस?"

"कोपरखैरण्याला. सुनयनाची पुस्तकं आणाया गेले हुते तवा. सा वर्सं झाली."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी भाकरीची पक्कड हुतीच की. तिचं दात झिजलं की तुमी नवी आणायचा."

जोतीरामला आठवलं. तीन वेळा त्याने स्वयंपाकाची पक्कड आणली होती, आणि ही एवढी कशी झिजते म्हणून शेठला माल बदलायलाही सांगितलं होतं.

"खाट पण तूच उघडलीस."

"मग कोन उघडनार?"

"मला का न्हाई मागितलीस? पक्कड? हार्डवेअरच्या दुकानात नवरा, आणि बायको दुसऱ्याच्या दुकानात जाते."

"मागितली असती तर तुमी इचारलं असतं, कशाला पायजे. मग म्या काय सांगनार हुते?"

त्याचा राग आता वर आला. "म्हंजे पंधरा वर्सं तुमी दोघी मला येडा बनवत हुता."

सगुणा उठली नाही, आवाजही चढवला नाही. हळदीचं बोट चिंधीला पुसत ती सांगू लागली. तिचे वडील हौसेराव पंप-इंजिनाचे मिस्त्री होते, हे जोतीरामला माहीत होतं. हौसेरावांना मुलगा नव्हता, हेही माहीत होतं. पण विहिरीच्या कडेला बसून निम्मं इंजिन ही खोलायची, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "आप्पांचा हात जाड. तिथं आत जायचा न्हाई. माझा जायचा. पंचक्रोशीत लोक आप्पांना म्हनायचे, पोरीला घिऊन या." मग लग्न ठरलं. आईने तिला चुलीपुढे बसवून सांगितलं, जावई हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात आहेत, तिथं जाऊन शहाणपण दाखवू नको.

"तरी म्या सांगनार हुते," ती म्हणाली. "लग्नाला म्हैना झाला आसंल. स्टोव्ह बिघडला. म्या पंपाचं वायसर काढून तेलात भिजवलं, बसवला. पेटला. लई आनंद झाला. म्हनलं तुमी आलात की सांगायचं. तर तुमी आलात ते सांगतच आलात. आज एका मोठ्या कंपनीच्या फिटरनं मला इचारलं, जोतीराम, ह्याला काय लावू. तुमचं त्वांड असं झालं हुतं..." ती थांबली. "मग न्हाई सांगितलं. आन् मग ऱ्हाऊनच गेलं."

 तो दिवस जोतीरामला आठवत नव्हता. तसे खूप दिवस होते.

"आन् येडं कशाला बनवीन?" सगुणा म्हणाली. "तुमी जेवताना दुकानातलं सांगायचा. टेफ्लॉन असं, पीव्हीसी तसं, अमक्या वायसरनं तमकं व्हतं. आप्पांना ह्यातलं काय म्हाईत हुतं? निम्मं तर म्या तुमचं ऐकून शिकले."

तो उठून बाहेर गेला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. समोर नवी, अर्धवट रंगवलेली इमारत होती. पलीकडे तळोज्याच्या कारखान्यांचा धूर आडवा पसरला होता. पंधरा वर्षं घरात काही बिघडत नव्हतं, याचं त्याला फार कौतुक होतं. एकदाही आपल्याला का वाटलं नाही की सगळ्यांच्या घरचं बिघडतं, म्हणून तर आपलं दुकान चालतं? त्याला लाज वाटली. आपल्याला येत नाही याची वाटली, पण तिला एवढा आनंद झालेला असताना तिने गप्प बसावं, याची जास्त वाटली.

पक्कड अजून त्याच्या हातातच होती. सवयीने त्याने ती मिटली आणि जिन्यातल्या बल्बसमोर धरली. सहा वर्षं वापरूनही जबड्यातून उजेडाची रेघ दिसत नव्हती. एका हाताने उघडून बघितली. उघडली, आणि लोंबली नाही.

आत येऊन त्याने ती तिच्यासमोर ठेवली. "किती बघितल्यास घेताना?"

"पाच. चार परत दिल्या. तो दुकानवाला वैतागला. म्हनला, बाई, नवऱ्याला पाठवा."

"निवड चांगली आहे," जोतीराम म्हणाला. अठरा वर्षांत हे त्याने मोजक्याच गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. सगुणाने पक्कड उचलली. पिशवीत घालायला गेली, मग थांबली आणि ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

त्या आठवड्यात जोतीरामने दुकानातून पान्यांचा एक संच आणला. पॅकिंग त्याने सगुणाला फोडायला दिलं. 

रविवारी सकाळी नंदकुमार वर आला. त्याच्या मागून मीनाताईही होत्या.

"भाऊ, सुट्टीच्या दिवशी त्रास देतो. आमच्या सिंकचा नळ खालून गळतोय. प्लंबर दोन वेळा येऊन गेला, च्यायला पैसे घेतो आणि परत तेच. तुम्ही जरा बघता का? तुमच्यासाठी दोन मिनिटांचं काम."

सगुणा परातीत पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

जोतीराम म्हणाला, "मला येत नाही, नंदकुमार."

नंदकुमार हसला. "काय भाऊ, मस्करी करता."

"मस्करी नाय. मी फक्त विकतो. कधी वापरलं नाय. त्या दिवशी नळ पण मी नव्हता बसवला. माझ्यामुळंच तुमच्या घरात पाणी आलं." त्याने परातीकडे बोट केलं. "हिला येतं. हिचे वडील मिस्त्री होते. हिला विचारा."

नंदकुमारने मीनाताईंकडे बघितलं.  "वहिनींना?" तो म्हणाला. "नाय, म्हणजे... वहिनींना कशाला त्रास. कामात आहेत त्या."

"त्यात काय," मीनाताई मध्येच म्हणाल्या. "याल का हो वहिनी? माझं तर स्वयंपाकघर नुसतं तळं झालंय."

सगुणाने जोतीरामकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता. तिने पिठाचे हात धुतले, पुसले, ओट्यावरची पक्कड घेतली. पिशवीत घातली नाही, हातातच धरली, आणि ती जिना उतरू लागली. जोतीराम क्षणभर दारात उभा राहिला. मग पान्यांचा संच काखेत मारून तोही खाली गेला.

नंदकुमारच्या स्वयंपाकघरात सिंकखाली जेमतेम एक माणूस बसेल एवढी जागा होती. सगुणा तिथे मांडी घालून बसली आणि डोकं आत घातलं. मीनाताईंनी बॅटरी धरली. नंदकुमार दाराशी हाताची घडी घालून उभा होता. जोतीरामने फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यावर पाने ओळीने मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत, दुकानात मांडतो तसे.

आतून सगुणाचा आवाज आला, "लई वर हाय हो. हितं पक्कड घुसत न्हाई."

मग तिने मागे न बघता एक हात बाहेर काढला. तळवा वर केलेला. काय पाहिजे ते ती बोलली नाही. जोतीराम गुडघ्यांवर टेकला, तिच्या खांद्यावरून वाकून बॅटरीच्या उजेडात त्याने वरच्या नटाकडे एकदा बघितलं. मग वर्तमानपत्रावरचा अठरा-एकोणीस नंबरचा पाना उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

हात आत गेला. जरा वेळ काही ऐकू आलं नाही. मग नट कुरकुरला, आणि फिरला.